चौसष्ट घोट आंबील

वेळ अमावस्येला, म्हणजे रानातल्या पिकाच्या पूजेच्या दिवशी, आमच्या जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते आणि जो तो कुणाच्या तरी शेतात जेवायला जातो. येरमाळ्याच्या हिंमतरावांच्या शेतात गेल्या साली अर्धा रांजण ताकातली आंबील आणि डाळी-पालेभाज्यांची पातेलंभर भज्जी उरली. ती म्हशींनी खाल्ली. तीस वर्षं कचेरीत हेडक्लार्क राहिलेल्या माणसाला हे विनामंजुरी वाटप सहन होणं शक्य नव्हतं. त्यातून यंदा लेकीच्या, सृष्टीच्या, सासरची माणसं बारामतीहून पहिल्यांदाच येणार होती. त्यांच्यापुढं कारभार चोख दिसायला हवा होता.

हिंमतरावांनी 'भूक मागणी पत्रक, नमुना एक' तयार केलं. बाजरीचे उकडलेले उंडे नगात, भज्जी वाट्यांत, आंबील घोटांत. खाली सही. घरोघर फिरून त्यांनी ते भरून घेतलं.

आता आपल्याकडं पोटात कावळे ओरडत असले तरी माणूस तसं लेखी देत नाही. बंडप्पानं लिहिलं, 'चवीपुरता अर्धा उंडा, घोटभर आंबील.' धुरपताबाई म्हणाल्या, "मला कशाचं जेवण? नुसतं पाया पडाय येते." त्यांची नोंद 'धार्मिक प्रयोजन' अशी झाली. व्याह्यांनी फोनवर सांगितलं, "आमच्यासाठी काही करू नका." हिंमतरावांनी त्यांच्या नावापुढं 'निरंक' लिहिलं.

एकूण मागणी चौसष्ट घोट निघाली. घोट म्हणजे किती, याचा शासकीय दाखला मिळेना. म्हणून बायकोला, कस्तुराबाईंना, तीनदा पाणी प्यायला लावून सरासरी काढली.

कस्तुराबाईंनी तोंड पुसलं. "अहो, लोकं तोंडानं न्हाय म्हणत्यात अन् पोटानं व्हय. माझी आई रांजण भरून करायची."

"तिच्याकडं लेखी पुरावा नव्हता."

"पर कुणी उपाशी न्हाय गेलं."

हिंमतरावांनी हरकत फेटाळली, पण मोठ्या मनानं दहा टक्के आकस्मिक तरतूद मंजूर केली. रांजण माळ्यावर गेला, चुलीवर छोटं पातेलं चढलं.

अमावस्येला पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसली. अर्धा उंडा लिहून देणाऱ्या बंडप्पानं चार उंडे उचलले. हिंमतरावांनी त्याची सही दाखवली. "व्हय, माझीच हाय," म्हणून त्यानं पाचवा घेतला. नुसत्या पाया पडायला आलेल्या धुरपताबाई तीन फुलपात्रं आंबील प्याल्या. दुसरी पंगत बसायच्या आत पातेलं खडखडलं आणि तेवढ्यात बांधावर व्याह्यांची गाडी थांबली. गाडीतून उतरलेल्या सृष्टीनं एकदा पातेल्यात पाहिलं, एकदा बापाकडं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हिंमतरावांच्या हातातली फाईल पहिल्यांदाच जड झाली.

त्यांनी फाईल ठेवली, घागर उचलली आणि शेजारच्या शिवम्माच्या रानात गेले. तिथं रांजणभर आंबील होती.

"किती देऊ, भाऊ?" शिवम्मानं विचारलं.

बांधावर व्याही, पातेल्यात ठणठणाट, हातात घागर. हिंमतराव म्हणाले, "कशाला उगीच? घोटभर असली तर बास."

शिवम्मानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलंच नाही. घागरीकडं पाहिलं, ती गळ्यापर्यंत भरली आणि भज्जीचं पातेलं गड्याच्या डोक्यावर दिलं. व्याही पोटभर जेवले. निरंक माणसांनी दोनदा भज्जी मागून घेतली.

आपण हसावं, हरकत नाही. फक्त एवढं कळवावं, की परवाच्या पंगतीत "बास, बास" म्हणत ताटावर आडवा धरलेल्या हाताची बोटं आपण फाकवून का ठेवली होती.