होडीला डिकी नसते

कायदा कडक असला की लोक घाबरतात. मला उलट कडक कायदाच आवडतो. सैल कायद्यात माणसानं कुठं उभं राहायचं तेच कळत नाही. कडक कायद्यात खडूनं रेघ मारून दिलेली असते. म्हणून नदीच्या पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या काठावरून न्यू जर्सीतल्या त्यांच्या काठावर बंदुका न्यायचं काम पलटणीनं माझ्यावर सोपवलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "यंदा एका कलमालाही धक्का लागणार नाही. लिहून ठेवा!"

आणि लागला नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकताना लोक ते विसरतात.

पलटण हौशी आहे. दर डिसेंबरात आम्ही अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातले सैनिक होतो, तिकोनी टोप्या घालून होड्यांतून नदी ओलांडतो आणि पलीकडच्या मैदानावर इंग्रज राजाच्या भाडोत्री जर्मनांचा पराभव करतो. हे जर्मन पलीकडच्याच गावचे. त्यांची सेनापती डॉ. रोझलिन कार्नी एरवी लोकांचे दात काढते. आमचे कॅप्टन म्हणजे माझे सासरे, लेम्युएल हॉकेट. जन्मभर त्यांनी नळदुरुस्ती केली. निवृत्त झाल्यावर तळघरात बसून स्वतःच्या हातानं एक ठासणीची बंदूक बनवली. वर्षातून एकदा, गोळी न घालता नुसती दारू ठासून, ती उडवायची. तेवढ्या एका आवाजासाठी ते बाकीचं वर्ष गुडघे शेकत काढतात.

पण न्यू जर्सीत ठासणीची बंदूकही बंदूकच. मैदानावर उडवायची आम्हाला मुभा होती, मात्र मैदानापर्यंत ती रिकामी, कुलूपबंद, हाताला लागणार नाही अशी न्यायची आणि वाटेत उगाच थांबायचं नाही. गेल्या वर्षी पलटणीतला एक महाभाग बंदूक मागच्या सीटवर उघडी टाकून डोनट घ्यायला थांबला. दुकानात त्याच्या मागेच रांगेत पोलीस उभा होता. पुढचं सगळं वर्तमानपत्रात आलं. तो महाभाग माझा नवरा एल्डन, म्हणून जास्त बोलत नाही.

मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्या उद्यान समितीच्या अध्यक्षा मिसेस व्हॅन पेल्ट यांनी तेव्हाच बजावलं होतं, पुन्हा काही झालं तर बंदुका कायमच्या बंद. कॅप्टन त्या दिवशी घरी येऊन कोट न काढता खुर्चीत बसून राहिले. "बंदूक नाही तर मी तिथं जाऊन काय करू? नदी बघू?" असं काहीसं म्हणाले. मग मी पुढं झाले.

माझी योजना सोपी होती. मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे जळणारं आणि जाळणारं एका कपाटात ठेवत नाहीत. तसंच इथं. दारू पलीकडच्या काठावर डॉक्टर कार्नीकडे. बंदुका माझ्या गाडीच्या डिकीत, लोखंडी पेटीत, पुलावरून. होडीतून नाही, कारण होडीला डिकी नसते. आणि पेटीची किल्ली गाडीतही नाही. ती कॅप्टनच्या गळ्यात, होडीतून. किल्ली आणि कुलूप पलीकडच्या मैदानावरच भेटतील. कॅप्टनना मी शपथच घातली, की मैदानापूर्वी किल्ली कुणालाही द्यायची नाही, मी मागितली तरी नाही. एल्डन म्हणाला, अगं, एवढं कशाला? मी म्हटलं, डोनट खाणाऱ्यांनी बोलू नये.

सकाळी सैन्य होड्यांत बसलं आणि आम्ही दोघं गणवेशातच गाडीत. पूल अरुंद, लोखंडी, जुना. पुलावर चढलो आणि थांबलो. पुढं गाड्या, मागं गाड्या. एवढी माणसं कुठं निघाली असावीत, याचं मला नवल वाटलं. मग शेजारच्या गाडीतल्या पोरानं काच खाली करून विचारलं, की लढाई सुरू झाली का. तेव्हा उलगडलं. गर्दी आमच्या लढाईलाच आली होती. लढाई बंदुकांसाठी थांबली होती, बंदुका गर्दीत थांबल्या होत्या आणि गर्दी लढाईसाठी पुलावर चढली होती. माझ्या योजनेत प्रेक्षक धरलेच नव्हते. पण प्रेक्षकांबद्दल कायद्यात काही कलम नाही, ही गोष्ट लक्षात घ्यावी.

रहदारी वळवायला न्यू जर्सीचा एक पोलीस चालत येत होता. छातीवर नाव, डिनार्डो. माझ्या खिडकीशी येऊन तो टोपीकडे बघत राहिला.

"बाई, हे डोक्यावर काय?"

"सैनिकाची टोपी."

"आणि डिकीत काय, तोफ?"

तो थट्टा करत होता. एल्डननं माझा गुडघा दाबला. पण सरळ विचारलं तर मी सरळ सांगते.

"तोफ नाही. बंदुका. रिकाम्या आहेत, कुलपात आहेत आणि तूर्त पेनसिल्व्हेनियात आहेत."

हे खरं होतं. राज्याची हद्द दाखवणारी पितळी पाटी कठड्यावर नेमकी माझ्या मागच्या दाराशी होती. डिनार्डो पाटीपर्यंत गेला, गाडीकडे एक डोळा मिटून बघितलं, परत आला.

"म्हणजे तुम्ही माझ्या राज्यात आणि तुमची डिकी नाही."

"बरोबर."

"पेटी उघडून दाखवा."

"किल्ली माझ्याकडे नाही."

"कुठंय?"

"नदीत," असं एल्डन म्हणाला. म्हणजे होडीत, अशी मी दुरुस्ती केली, पण डिनार्डोचा चेहरा बदलायचा तो बदललाच. त्यानं आमच्या टोकावरच्या पेनसिल्व्हेनियाच्या पोलिसाला फोन लावला. तो चालत आला, डिकीवर टिचकी मारली आणि म्हणाला, की आमच्या बाजूला डिकीत बंदुका असणं म्हणजे डिकीत स्टेपनी असणं, यात मी काय करू? डिनार्डोनं साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, पेटी रिकाम्या बंदुकांची आहे हे दिसल्याशिवाय गाडी एक चाकही पुढं येता कामा नये. पुढं जायचं नाही आणि मागं जायला जागा नाही! दोन राज्यांच्या मध्ये मी खिळ्यासारखी बसले. मागच्या गाड्यांनी भोंगे सुरू केले. तेवढ्यात टाळ्यांचा आवाज आला. खालून आमच्या होड्या येत होत्या.

मी उतरून कठड्याशी धावले. पहिल्या होडीत कॅप्टन उभे. छाती पुढं, किल्ली गळ्यात चमकते आहे. नदीवर असेपर्यंत ते आजच्या काळातला शब्द उच्चारत नाहीत, हा त्यांचा नेम.

"कॅप्टन!" मी ओरडले. "किल्ली हवी आहे! दोरी सोडते, बांधा!"

त्यांनी वर बघितलं. दोन्ही काठांवरचे लोक गप्प झाले. मग तो भरदार आवाज आला.

"पुलावरच्या बाई! किल्ली मागणाऱ्याला किल्ली न देण्याची मला शपथ आहे!"

"शपथ मीच घातली होती! मी सोडवते!"

"शपथ घालणारीही असंच म्हणेल, हे तिनंच सांगितलं होतं!" आणि त्यांनी हात उंचावला. वल्ही पाण्यात पडली, होडी पुलाखालून निघून गेली. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी डिनार्डोही टाळ्या वाजवत होता. म्हातारा पक्का आहे, असं म्हणाला.

शेवटी दोघा पोलिसांनी मिळून मागच्या गाड्या एकेक करून मागं घेतल्या. एल्डननं गाडी उलटी चालवत घरी नेली. बंदुकांनी न्यू जर्सीत पाऊलही ठेवलं नाही. मला मात्र चालत जायची परवानगी होती, कारण मी कुठल्याच कलमात बसत नव्हते.

मैदानावर पोचले तेव्हा सैन्य उतरलं होतं. मी कॅप्टनना सांगितलं. त्यांनी किल्ली गळ्यातून काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि नदीकडे बघू लागले. मी डॉक्टर कार्नीकडे पळाले. तुमच्या निम्म्या बंदुका द्या, असं म्हटलं. ती हळहळली, पण म्हणाली, की कागदपत्रांशिवाय बंदूक दुसऱ्याच्या हाती देणं आमच्याकडे गुन्हा आहे. कलमही सांगितलं. कलम बरोबर होतं. मला तिच्याबद्दल आदरच वाटला.

मिसेस व्हॅन पेल्ट घड्याळ बघत होत्या. कॅप्टननी होडीतलं वल्हं उचललं, खांद्याला लावलं आणि चालू लागले. मागोमाग सगळे, वल्ही घेऊन. एकाकडे तेही नव्हतं, त्यानं पाणी उपसायची बादली घेतली. जर्मनांनी बंदुका झाडल्या. धूर झाला. आता आमची पाळी. वल्ही रोखून सैन्य उभं, आणि पूर्ण शांतता.

डॉक्टर कार्नी दबक्या आवाजात म्हणाली, "लेम, काहीतरी आवाज कर. माझी माणसं वल्ह्याला कशी शरण येतील?"

कॅप्टननी डोळे मिटले. त्यांना किती जड गेलं ते त्यांच्या मिशांवरून दिसत होतं.

"ठो," ते म्हणाले.

मग सगळी पलटण, "ठो! ठो!" बादलीवालाही. प्रेक्षकांतली पोरं पुढं आली आणि ठो ठो करू लागली. जर्मन पटापट आडवे झाले. एक तर इतका रंगात आला, की उठून पुन्हा मेला. मिसेस व्हॅन पेल्टना हसू आवरेना. अशी लढाई त्यांनी कधी पाहिली नव्हती!

त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, तुमच्या ठोनं धूर झाला नाही, कान बसले नाहीत, एक कुत्रं पळालं नाही, पाळण्यातली बाळं झोपून राहिली. आणि पोलिसांनी सांगितलं, की एवढा कायदा पाळणारं माणूस त्यांनी पाहिलं नाही. मी म्हटलं, मग परवानगी? "पुढची दहा वर्षं!" त्या म्हणाल्या. "अगदी अशीच. बंदुकांशिवाय."

कॅप्टन शेजारीच होते.

तर अशी परवानगी मी मिळवून दिली. एका कलमालाही धक्का न लावता. कॅप्टनची बंदूक आता बैठकीत भिंतीवर आहे आणि पलटण दर रविवारी त्यांच्या गॅरेजमध्ये ठोचा सराव करते. मीही गेले होते. मला दोनदा म्हणायला लावलं, मग कॅप्टननी वल्हं काढून घेतलं.

"थीया," ते म्हणाले, "तुझा ठो ऐकून शत्रू मरत नाही गं. आपलं काय चुकलं ते विचारतो."