सेलूतला समुद्र

सेलूपासून समुद्र एवढा लांब, की आमच्यातल्या निम्म्यांनी तो कॅलेंडरवरच पाहिलेला. पण माझे शेजारी गोसावी सर सकाळी दार उघडलं की आधी समुद्राची तब्येत सांगायचे. "दर्या आंबट व्हायलाय, मास्तर. हवेतला कर्बवायू पिऊन पिऊन लय हाल झालेत त्याचे."

सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, मी इतिहास. सरांची बायको गेलेली, एकुलती लेक सुनंदा रत्नागिरीला दिलेली. घरात सोबतीला उरलं ते एक यंत्र. काचेची नळी, जुन्या घड्याळाची चक्रं आणि कागदावर आपोआप रेघ ओढणारं पेन. नळी समुद्राच्या पाण्यात बुडवली की आम्लता किती, ते पेन स्वतःच लिहीत बसायचं. पाणी लेकीकडून यायचं, बूच मेणानं बंद केलेल्या बाटलीत. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनामुळे कॉलेजला कुलूप असलं तरी सर बाटलीसाठी एसटी स्टँडवर हजर.

गाव हसायचं. जिनिंगवाले म्हणायचे, "सर, आधी आमच्या आडाचं पाणी बघा की!" स्टाफरूममध्ये तर विचारूच नका. नोकरी लागल्यापासून ज्यांनी पुस्तक उघडलं नाही, ते या माणसाला वेडा ठरवत होते. मला त्यांचा संताप यायचा.

मग समुद्राचा अभ्यास करणारे एक साहेब मुंबईहून कॉलेजात आले. यंत्राचं ऐकून खूश झाले. "उद्या चालवून दाखवा. रत्नागिरीच्या धक्क्यावरच बसवू. बाटल्यांची कटकटच नको." मला वाटलं, सरांच्या कष्टाचं चीज झालं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर पेन हललंच नाही. "बिघडलंय," सर म्हणाले. साहेब चहा न घेताच गेले.

संध्याकाळी मी सरांवर भडकलो. "एवढी वर्षं घातली आणि एक वायर बघता आली नाही?"

सरांनी खिशातून वायर काढली, जोडली. पेन सरसर चालू लागलं.

"हे तिथं बसलं, तर बाटली कशाला भरायची?" ते म्हणाले. "सासरचे सुनंदाला माहेरी धाडीनात. दारातसुद्धा उभी राहू देईनात. पण व्याह्यांना शास्त्राचा लय धाक. आत बुडबुडा न राहता बाटली भरणं फक्त तिलाच जमतं, असं मी ठोकून दिलंय. म्हणून महिन्यातून एकदा तिला एकटीला समुद्रावर सोडतेत."

वायर पुन्हा सोडवत सर म्हणाले, "मास्तर, यंत्र भंगार आहे म्हणून तुमी स्टाफरूममध्ये सांगा. तुमचं ऐकतेत."

मी सांगितलं. सगळे पोट धरून हसले. मलाही त्यांच्याबरोबर हसावं लागलं.