झुपकीच्या दारातला दगड

एका जंगलात, मुलांनो, एक शाळा होती. शाळेला भिंती नव्हत्या. त्यामुळे तिच्यात कोणीही येऊ शके आणि तिच्यातून कोणीही पळून जाऊ शके. दुसरी गोष्ट जास्त घडे.

तिथे भौतिकशास्त्राला एक साळिंदर होते. त्यांना काटे गुरुजी म्हणत. स्वभाव फार लाजाळू. कोणी जरा मोठ्याने बोललं की त्यांचे काटे उभे राहत आणि पहिली रांग आपोआप मागे सरके. पण शिकवायची त्यांना मनापासून आवड. एखादं पोर "हां, आत्ता कळलं" म्हणालं, की गुरुजींना त्या दिवशीची कंदमुळं जास्त गोड लागत.

वर्ग एकच होता. त्यात सगळे होते. डोंगरू नावाचं हत्तीचं पिल्लू होतं. जड म्हणजे काय ते त्याला कळत नसे, कारण त्याला काहीच जड लागत नसे. झुपकी नावाची खार होती. तिला सगळंच जड लागे. आणि एक कासव होते. त्यांना गुरुजीसुद्धा आबा म्हणत. गुरुजी शिकत होते तेव्हाही आबा त्याच वर्गात होते. आबांचा पहिला धडा संपत आला की अभ्यासक्रम बदले.

"गुरुजी," आबा विचारत, "मागच्या अभ्यासक्रमात दगड जड होता. या वेळी काय ठरलंय?"

या वेळचा अभ्यासक्रम धनेश साहेबांनी आणला होता. साहेब मोठ्या चोचीचे पक्षी होते आणि जंगलातल्या सगळ्या शाळा तपासत. नव्या अभ्यासक्रमात गुरुजींनी शिकवायचं नव्हतं. मुलांनी आपापलं शोधायचं होतं. शोध खऱ्या आयुष्यातल्या अडचणीतून लागायला हवा होता. आणि सगळ्यांना लागल्याशिवाय कोणी पुढे सरकायचं नव्हतं.

गुरुजींना हे फार पटलं. पहिला धडा तरफेचा होता. त्यासाठी ते खरी अडचण शोधू लागले. पण जंगलात जो तो आपापलं भागवत होता. अडचण काही मिळेना.

मग एके सकाळी टेकडीवरून एक मोठा दगड गडगडत आला आणि झाडाच्या बुंध्यातल्या झुपकीच्या ढोलीच्या तोंडावर बसला. आत झुपकीची आई होती.

"गुरुजी, आई अडकली!" झुपकी रडत आली.

"त्यात काय," डोंगरू म्हणाला. "सरक बाजूला. ढकलतो."

"थांब, डोंगरू!" गुरुजी ओरडले. त्यांचे डोळे आनंदाने चमकत होते. "अरे, हीच ती अडचण! खऱ्या आयुष्यातली!"

आणि त्यांनी धनेश साहेबांना निरोप धाडला. मुलांनो, चांगली माणसं उत्साहात आली की असं करतात.

साहेब आले. त्यांनी दगडाभोवती एक फेरी मारली. फटीतून आत पाहिलं.

"उत्तम!" ते म्हणाले. "असा प्रकल्प कुठल्याच शाळेत नाही. आता मुलांना तरफ सापडेपर्यंत या दगडाला कोणी हात लावायचा नाही. आणि सोंडही."

"पण साहेब," गुरुजी हळूच म्हणाले, "आत तिची आई आहे."

"मग? माझी मंडळीही सध्या ढोलीतच आहे. अंडी घालायची वेळ आली की आमच्याकडे बायका दार आतून लिंपूनच घेतात. आपण फटीतून भरवायचं. विश्रांती होते हो त्यांना."

गुरुजींचे काटे उभे राहिले. साहेब उडून गेले.

शोध सुरू झाला. झुपकी सकाळी फटीतून आईला फळं देई, पानातून पाणी देई, आणि मग वर्गात येऊन दगडाकडे पाहत बसे. डोंगरू दगडाकडे पाही आणि त्याच्या सोंडेला खाज सुटे.

"ढकलू का गुरुजी? एकदाच."

"नको रे. ते उत्तर झालं. आपल्याला शोध हवाय."

आबा दगडाजवळ पोचले नव्हते. ते निघाले होते.

"झुपके," आतून आई म्हणे, "माझी काळजी करू नकोस गं. माझ्यापायी तुझं वर्ष वाया नको जायला."

असे बरेच दिवस गेले. आईचा आवाज बारीक होत गेला. एका दुपारी झुपकीने सरकवलेलं फळ तसंच बाहेर आलं.

"गिळवत नाही गं," आई म्हणाली.

झुपकी रडली नाही. ती फक्त गुरुजींकडे बघत राहिली. डोंगरू दगडाकडे निघाला होता, पण गुरुजी त्याच्या आधी पोचले होते. त्यांनी बांबूच्या बेटातून एक लांब कळक ओढत आणला, त्याचं एक टोक दगडाखाली खुपसलं, जवळच एक छोटा दगड टेकूला लावला आणि इकडेतिकडे पाहून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मुलांनो, कोणाला सांगू नका. मी आता शिकवतोय."

वर्ग कान टवकारून थांबला. डोंगरूसुद्धा थांबला. नवा अभ्यासक्रम आल्यापासून असं कोणी त्यांच्यासमोर केलं नव्हतं.

"टेकू दगडाच्या जवळ. आपण टेकूपासून लांब. जितके लांब, तितका दगड हलका. झुपके, चढ त्या टोकावर. आबा, तुम्हीही बसा."

डोंगरूने आबांना उचलून कळकावर ठेवलं. झुपकी शेजारी चढली. कळक वाकला, करकरला, आणि दगड उचलला जाऊन बाजूला कलंडला. ढोलीतून आई सरपटत बाहेर आली. तिची हाडं दिसत होती. झुपकीने तिला घट्ट धरलं. बराच वेळ सोडलं नाही.

"म्हणजे एवढंच होतं?" आबा म्हणाले.

"मग मी एवढं खातो कशाला?" डोंगरू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले आणि पाहतच राहिले. "दगड कुठाय?"

"साहेब, मुलांना कळलं," गुरुजी म्हणाले.

"कसं कळलं?"

गुरुजींना खोटं बोलता येत नसे. "मी सांगितलं."

"मग ते कळणं धरता येत नाही," साहेब म्हणाले. "शाळा बंद करायची नसेल, तर दगड जागेवर ठेवा. आणि आत कोणीतरी हवं. नुसत्या रिकाम्या ढोलीला खरी अडचण कोण म्हणेल?"

झुपकीने आईला मागे ओढलं. मग गुरुजींनी काटे अंगाला चिकटवले आणि स्वतःच ढोलीत शिरले. मुलांनी कळक लावला, दगड अलगद उचलला, सरकवला आणि बरोबर तोंडावर बसवला. साहेब समाधानाने गेले.

ते दिसेनासे होताच मुलांनी दगड पुन्हा काढला.

तेव्हापासून शाळा रीतसर चालते. धनेश उडताना पंखांचा आवाज लांबूनच येतो. आवाज आला की गुरुजी आत आणि दगड तोंडावर. आवाज गेला की दगड बाजूला आणि शिकवणं सुरू. रोजच्या सरावाने पोरं तरफेत इतकी पक्की झाली, की साहेबांनी शाळेला आदर्श ठरवलं. लांबलांबचे शिक्षक तो दगड बघायला येतात. आबा पास झाले. फटीतून गुरुजींनी टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य : दगड हलवता आला की विद्या येते. साहेब यायच्या आत तो परत जागेवर ठेवता आला की शाळा टिकते.