चहाआधीचा एक तास

"तासभर चहा नाही म्हणजे काय! मी काय गुन्हा केलाय?"

स्वयंपाकघराच्या दाराआडून सासरे कुजबुजत होते. त्यांची कुजबुज म्हणजे जरा घसा बसलेला लाउडस्पीकर!

"अहो, हळू! तिला ऐकू जाईल," सासूबाई.

जाईल कसलं, गेलंच!

तर त्याचं असं आहे. माझ्या गळ्यातली थायरॉइड नावाची ग्रंथी जेवणानंतरच्या कारकुनासारखी जागच्या जागी पेंगते. म्हणून रोज उठल्याउठल्या उपाशीपोटी गोळी, आणि पुढे तासभर काही नाही. चहा तर नाहीच नाही! मी थांबणार म्हणून अख्ख्या घरानं थांबायचं, असा ठराव सासूबाईंनी परस्पर पास करून टाकला. नवऱ्याच्या मोबाइलचा सहाचा गजर झाला की मी अंथरुणातच गोळी गिळायची, आणि स्वयंपाकघरातल्या घड्याळात सात वाजले की आधण ठेवायचं. काटेकोर! गोळीच्या बाबतीत मी म्हणजे लष्कर!

हे सगळं कशासाठी, ते मात्र घरात कुणी बोलत नाही. "ते काम" म्हणतात. "तिकडची तारीख" म्हणतात. ते काम दोनदा फसलं. आता दवाखान्यात गोठवून ठेवलेला आमचा एकच गर्भ उरलाय, आणि माझी चाळिशी दारात चप्पल काढून उभी आहे. मी घरीच लहान मुलांचे कपडे शिवते. दिवसभर लोकांच्या लेकरांची झबली माझ्या हाताखालून जातात. शेवटचं बटण लावून झालं की झबलं मी जरा जास्तच वेळ हातात धरते. शिवण तपासायला हो! दुसरं काय!

परवा मोठ्या ऐटीत तारीख घ्यायला गेले. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढला. चष्मा काढणारे डॉक्टर मला आवडत नाहीत.

"थायरॉइडचा आकडा वाढलाय. गोळ्या चुकवता का?"

"एक जरी चुकली असेल तर नाव बदलीन!"

"चहा किती वेळानं?"

"तासानं! अख्खं घर साक्षीला आहे!"

"मग कठीण आहे. हा आकडा खाली आल्याशिवाय गर्भ गर्भाशयात ठेवायचा नाही. उगाच धोका नको. तारीख पुढे."

घरी येऊन अर्धवट राहिलेलं झबलं मांडीवर घेतलं आणि कोर्टच भरवलं. "माझी गोळी कुठे जाते? मांजर खाते?"

सासरे छताकडे बघू लागले. छतावर बघण्यासारखं काहीही नाही!

"बाबा?"

"अगं, मी आपलं ते घड्याळ... जरासं पुढे केलं. पावच तास! चहा लवकर मिळावा म्हणून."

"तुम्हीसुद्धा?" सासूबाई दचकल्या.

"सुद्धा म्हणजे?"

"यांची कुरकुर तुझ्या कानावर पडू नये, म्हणून मीही केलं गं. पावच तास."

आता नवरा खाकरला. मला चक्करच यायची बाकी होती!

"तूही?"

"चहाची वाट बघत तू मशीनपाशी जाऊन बसतेस. त्या झबल्यांकडे बघत राहतेस. मला नाही बघवत." तो खाली बघत म्हणाला, "पावच तास केला."

तीन पाव! म्हणजे माझ्या तासातला उरला एक पाव! गोळी पोटात पोहोचते न पोहोचते तोच तिच्या डोक्यावर गरम चहा! आणि मी वेडी, 'हल्ली तास कसा भुर्रकन जातो' म्हणून खूश होते. वाटलं, आशेवर असलं की जात असेल वेळ लवकर.

रागवावं म्हटलं, पण रागवायचं कुणावर? तिघंही दूध सांडलेल्या पोरांसारखी उभी!

नवऱ्यानं स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं. काटे मागे फिरवता फिरवता त्याचा हात थांबला. जे बोलायचं नाही ते सगळ्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं, आणि जो तो गिळत होता. उपाशीपोटी!

शेवटी सासरेच माझ्याजवळ येऊन बसले. माझ्या मांडीवरचं अर्धवट झबलं त्यांनी बोटानं सारखं केलं.

"सूनबाई, बाळ मलाही हवंय. फार हवंय गं. पण नाहीच झालं, तर नाही. आपण चौघं आहोत." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "घड्याळाला आता मी हात लावणार नाही. पण मला एक सांग, बाळ झालं, की मग तरी चहा वेळेवर मिळेल ना?"