चंद्री शेळीवरील तोहमत आणि हरभऱ्याच्या देठांचा निवाडा

शके एकोणीसशे वीस, मार्गशीर्ष मासी, घोटीनजीक हरभऱ्याच्या वावरात जो प्रसंग गुदरला, तो पाहणारांस पुसून लिहिला असे. पदरचे काही घातले नाही.

भात निघाले आणि पुंजा सरदारांनी त्याच वावरात हरभरा पेरिला आणि तो वीतभर वाढला. मग एके सकाळी पाहतात तो दोन ओळी शेंड्यावाचून उभ्या आणि बांधाशी लेंड्या पडलेल्या. सरदारांस क्रोध अनावर जाहला. शेजारी गोटीराम, त्याची चंद्री नामे शेळी, तिजवर तोहमत ठेविली आणि फर्मान सोडिले की, बाजारच्या दिवशी घोटीस नेऊन शेळी विकून टाकावी.

गोटीराम घाबरा जाहला. त्याची बायको चांगुणा आषाढात वारली. चंद्रीची आई विताच मेली, तेव्हा चांगुणेने हिला बाटलीने दूध पाजून वाढविले होते. बाईमागे घरात हाक मारावी असे दुसरे कोणी नव्हते.

मग त्याने भांडण टाळून पंच मागितले आणि चार जाणती माणसे बांधावर दाखल जाहली. गोटीरामाने पळसाच्या एका पानावर वावरातल्या लेंड्या मांडिल्या आणि दुसऱ्यावर गोठ्यातल्या. पंचांनी मोठ्या अदबीने वाकून निरखिल्या. गोठ्यातल्या लांबट. वावरातल्या गोल, चपट्या आणि मोडता आत नुसता गवताचा भुसा.

सरदार म्हणाले, "पोट बिघडलं आसंल तिचं!"

मग खासा चंद्रीस हुजुरात आणिले आणि हरभऱ्याचे झाड पुढे केले. तिने हिसडून निम्मे मुळासकट उपटिले आणि उरल्या देठाच्या चिंध्या केल्या. वावरातले देठ मात्र विळ्याने छाटावे तैसे तिरपे आणि साफ.

तेव्हा सरदारांचे कुटुंब झुंबरबाई पुढे जाहल्या. "आवो, जलम गुरांत गेला तुमचा, आन् शेळीला वरचे पुढचे दात नसतात, येवढं ठावं नाय? ससा हाय त्यो!"

"मंग सशाला बाजारात कोण न्हेणार?" सरदार पुटपुटले आणि पंचांस हसू आवरेना.

निवाडा जाहला तो ऐसा: गनीम ससा, शेळी बेकसूर. बांधास बोरीच्या काट्यांचा कोट घालावा आणि गोटीरामाने हात लावावा. सरदारांनी उपटलेला हरभरा उचलोन स्वहस्ते चंद्रीस चारिला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. चंद्री आपल्या पायांनी घरी आली. गोटीरामाचे घरी आजमितीस दोन जीव नांदतात, हे येथे दाखल केले असे.