नव्या आंबसोळच्या सावल्या

नव्या आंबसोळमध्ये विजेचा दिवा लावला की भिंतीवर जुन्या आंबसोळच्या सावल्या पडत. याचं कुणाला फारसं नवल वाटत नसे. जुनं आंबसोळ वासनी नदीच्या धरणाखाली गेलं, त्याच धरणाच्या पाण्यावर वीज तयार झाली आणि तीच वीज वर माळावर वसवलेल्या नव्या गावाला मिळाली. कांदा चिरलेल्या सुरीनं आंबा कापला तर आंब्याला वास लागतोच की. पाणी गावावरून येणार म्हटल्यावर थोडं गाव विजेत उतरणारच.

त्यामुळे सरपंच हिंदुराव यांच्या सोप्यात रोज संध्याकाळी त्यांचे आजोबा चिलीम ओढत बसत. शाळेच्या व्हरांड्यात बुडालेल्या फणसाची सावली पडे आणि हंगामात तिला फणसही लागत. जिवंत माणसाची सावली मात्र आंबसोळमध्ये दिव्याखाली पडत नसे. भिंती आधीच भरलेल्या होत्या, तिला जागा कुठे होती?

तानूबाई शेलारांच्या स्वयंपाकघरात त्यांची आई येई. धरणाला पाणी लागलं त्या साली आई तापानं गेली, तेव्हा तानू नऊ वर्षांची होती. आईचा फोटो कुणी काढला नव्हता. त्या काळी फोटो काढायला तालुक्याला जावं लागे आणि तालुक्याला जायचं तर आधी मरायला टेकावं लागे. तानूबाईंना आता आईचा चेहरा आठवत नसे. होती ती एवढी सावलीच. दिवेलागणीला बटण दाबायचं, दिव्याला हात जोडायचे, की समोरच्या भिंतीवर आई चुलीपुढे बसलेली. परातीत भाकरी थापता थापता कपाळावर केस आले की ती ते मनगटानं मागे सारी, कारण हात पिठाचे. तिच्या खांद्याला रेलून एक लहान पोर उभी असे आणि पहिली भाकरी तव्यावर फुगली की हात पुढे करी. ती पोर म्हणजे आपणच, हे तानूबाईंना ठाऊक होतं. तिचा त्यांना थोडा हेवाही वाटे.

सगळं असं सुरळीत चाललं असताना वीजपुरवठा गुणवत्ता आयोगानं नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात म्हटलं होतं की, दिव्याखाली स्वतःची सावली पडणं हा प्रत्येक ग्राहकाचा हक्क आहे आणि परक्या सावल्या असलेली वीज सदोष समजण्यात येईल. आंबसोळला यापुढे माळावरच्या सौर प्रकल्पाची स्वच्छ वीज द्यावी आणि धरणाची वीज शहराकडे वळवावी, असा प्रस्ताव होता. हरकती असल्यास आयोग गावात येऊन संध्याकाळी जनसुनावणी घेणार होता.

"परक्या म्हंजी?" तानूबाईंनी सरपंचांना विचारलं. "माजी आई परकी का?"

"तसं न्हाई, आत्या. कायद्याची भाषा हाय ती."

"मग कायद्याला म्हणावं, जरा मानसागत बोल."

हिंदुराव मनावर घेणारा माणूस होता. आयोग गावात येतोय, तेही थेट राजधानीतून, म्हटल्यावर पाहुणचारात काही कमी पडता कामा नये, असं त्यांनी ठरवलं. गावची वीज जुनी, कधी मध्येच डुलकी काढायची. साहेबांपुढे पंखा बंद पडला तर गावाची काय शोभा राहील? म्हणून त्यांनी तालुक्याहून डिझेलचा जनरेटर मागवला. मंडपाला पांढरं कापड लावलं, चार मोठे दिवे टांगले, पंखे लावले, आणि बायकांनी बासुंदी आटवली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, म्हणतात तो प्रकार मंडपात दिवे लागल्यावर सगळ्यांच्या लक्षात आला.

पांढऱ्या कापडावर जुनं गाव उमटलंच नाही. तिथे फक्त खुर्च्यांच्या सावल्या पडल्या आणि त्यांवर बसलेल्या माणसांच्या. दिव्याखाली स्वतःची सावली आंबसोळच्या पोरांनी जन्मात पाहिली नव्हती. ती घाबरून रडायला लागली. एका म्हाताऱ्यानं आपल्या सावलीला नमस्कार केला आणि तिनंही केल्यावर मागे सरकून बसला.

आयोगाचे सदस्य बोधनकर हे सभ्य गृहस्थ होते. त्यांनी बराच वेळ कापडाकडे निरखून पाहिलं. "हरकतीत नमूद केलेल्या सावल्या कुठे आहेत?"

"साहेब, त्या गावच्या विजेत हायती," हिंदुराव घाम पुसत म्हणाले. "ही डिझेलची वीज हाय. आपुन तिकडं आत्याच्या घरात चला, पाच पावलांवर हाय. बटण दाबलं की दिसत्याल."

"तसं करता येणार नाही. सुनावणीची जागा म्हणून हा मंडप अधिसूचित झालेला आहे. बाहेर जे दिसेल ते आयोगाला पाहता येत नाही."

"मग ह्यो जनरेटर बंद करून गावची वीज जोडूया की."

"सुनावणी सुरू झाल्यावर पुरवठा बदलणं म्हणजे पुराव्यात ढवळाढवळ होईल," बोधनकर हळहळून म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "कुणाला तोंडी काही सांगायचं आहे?"

तानूबाई उठल्या. माइक त्यांना उंच होता. तो खाली करेपर्यंत सगळे थांबले.

"माजी आई हाय त्यात," त्या म्हणाल्या. "तिचा फोटू न्हाई."

"सावली आपल्या आईचीच आहे, हे कशावरून?"

"केस मागं सारती त्यावरनं. मनगटानं सारती."

"अनेक स्त्रिया मनगटानं केस सारतात."

"व्हय. पर माज्या आईसारखं न्हाई सारत."

बोधनकरांनी हे शब्दशः लिहून घ्यायला सांगितलं. जाण्याआधी त्यांना तानूबाईंच्या दारात पाणी देण्यात आलं. आत दिवा लागलेला होता. त्यांनी पेला हातात घेतला, चपला काढल्या आणि नजर खाली ठेवून पाणी प्यायलं. नियमानं त्यांना काही पाहता येत नव्हतं. पेला परत देताना मात्र त्यांनी आतल्या भिंतीच्या दिशेनं हात जोडले.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, अशी म्हण आहे. नको असलेल्या कामाला ती लागू पडत नाही. आदेश महिन्याभरात आला. पुराव्याअभावी हरकत फेटाळली होती. चैत्राच्या सुरुवातीला गावाची वीज बदलली.

त्या संध्याकाळी तानूबाईंनी बटण दाबलं आणि सवयीनं हात जोडले. नवा उजेड पांढरा आणि लख्ख होता. समोरच्या भिंतीवर हात जोडलेली एक वाकलेली म्हातारी उभी होती, बस्स. परात नाही, चूल नाही, पोर नाही. आई पहिल्यांदा गेली तेव्हा नऊ वर्षांच्या तानूला मोठ्या माणसांनी शेजारी खेळायला पाठवलं होतं आणि ती खरोखरच खेळत बसली होती. या खेपेला त्या पोटभर रडल्या. मग दिवा मालवून अंधारातच जेवल्या. पुढेही तसंच जेवू लागल्या.

हिंदुरावांना त्यांच्यासमोरून जायची लाज वाटे. "आत्या, माज्या हौसेनं घात केला," ते एकदा म्हणाले. तानूबाई म्हणाल्या, "पाव्हन्याला उकाड्यात बसवायचं व्हतं व्हय? बासुंदी बरी झालती." त्यानं हिंदुरावांना आणखीच वाईट वाटलं.

आंबे उतरत होते त्या सुमारास सरपंचांना शहरातून फोन आला.

"मी प्रधान बोलतोय, चंद्रभागा सोसायटीचा सेक्रेटरी. तुमची माणसं आमच्याकडे आलेली आहेत."

"कोन मानसं?"

"ते आम्हाला कसं कळणार? चैत्रात तुमच्या धरणाची वीज आली, तेव्हापासून आहेत. लिफ्टमध्ये एक आजोबा चिलीम ओढत बसतात. तक्रार नाही, धूर येत नाही. पार्किंगमध्ये फणसाचं झाड आहे, खाली गाडी कुणी लावायची यावरून थोडे वाद झाले. आता ती जागा आम्ही मोकळीच ठेवतो. पण कुणाच्या घरी कोण आहे हे त्यांच्या नातेवाइकांना कळवायला हवं, असा सर्वसाधारण सभेत ठराव झालाय. भाकरी करणाऱ्या एक बाई आहेत, तिसऱ्या मजल्यावर देवस्थळींकडे. सोबत लहान मुलगी असते."

हिंदुराव फोन चालू ठेवूनच तानूबाईंच्या घराकडे पळत सुटले.

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं निघाले. माणसाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणून तानूबाईंनी नाचणीचं पीठ बरोबर घेतलं होतं. सोसायटीत पोचेपर्यंत संध्याकाळ होत आली. हिंदुराव लिफ्टमध्ये शिरले आणि आजोबांशेजारी उकिडवे बसले ते बाहेरच येईनात. लिफ्ट वर-खाली होत राहिली. तानूबाई जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर गेल्या आणि त्यांनी घंटी वाजवली.

दार एका तरुण बाईनं उघडलं. तिचं नाव मृण्मयी. तिच्या हाताला कोपरापर्यंत पीठ होतं.

"मी आंबसोळची तानू शेलार," तानूबाई म्हणाल्या. "तुमच्या भिंतीवर माजी आई हाय."

"या ना, आत या. आत्ताच बसल्या आहेत."

स्वयंपाकघरातला फ्रिज त्या भिंतीपासून काढून दुसरीकडे नेलेला दिसत होता. मोकळ्या भिंतीवर आई परातीवर वाकली होती. खांद्याला पोर रेलली होती. आईनं मनगटानं केस मागे सारले. मृण्मयीनं तानूबाईंना बसायला स्टूल सरकवलं.

"मला येत नव्हत्या भाकऱ्या," ती ओट्यापाशी परत जात म्हणाली. "यांचं बघून शिकतेय. हात थोडा बसलाय, पण सारख्या चिरतात. पीठ कशात भिजवतात, ते सावलीत कळत नाही."

"आधनाचं पानी घ्यायचं," तानूबाई म्हणाल्या. "उकळीचं. मला चटका बसायचा म्हून ती माजा हात धरून बाजूला करायची." हे आपल्याला आठवतं आहे, हे त्यांना बोलल्यावर कळलं.

मृण्मयीनं पाणी उकळलं, आंबसोळचं पीठ भिजवलं आणि भिंतीकडे बघत बघत भाकरी थापली. कपाळावर केस आले ते तिनं मनगटानं मागे सारले. भाकरी तव्यावर पडली, उलटली आणि टम्म फुगली. भिंतीवरच्या पोरीनं हात पुढे केला. तानूबाईंनीही केला.

मृण्मयीनं तुकडा मोडून त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "गरम आहे. फुंकून खा."