कस्तुराक्काचा बार

सकाळी दूधवाला आला की आमची कस्तुराक्का आधी त्याला मनसोक्त शिव्या घालते, मग भांडं पुढे करते. तोही मान डोलावत ऐकून घेतो. एकदा अक्का तापाने पडली होती, तर हा माझ्या दारात येऊन विचारतो, "भाऊ, आज शिव्या नही? तब्बेत बरी शे ना तिन्ही?"

अक्का माझी शेजारीण. तिचा राग कुणावरच नाही, हा तिचा रियाज आहे. "वापर नही करा ते तोंडले गंज चढस," असं तिचं म्हणणं.

रियाज आखाजीच्या बारासाठी. बार म्हणजे अक्षय्य तृतीयेला गौराई बोळवायला नदीवर आलेल्या बायकांचं भांडण. आमच्या गावच्या बायका पांझरेच्या या काठावर, समोरच्या गावच्या त्या काठावर. मध्ये पाणी, आणि दोन्हीकडून यमक जुळवलेल्या शिव्या. दिवस मावळला की भांडण संपलं, मनात कुणी ठेवायचं नाही.

पलीकडची म्होरकी सुमन. "सुमने, तुन्ही भाकर जयेल, तुन्हा नवरा पयेल!" अक्का ओरडायची. भाकर जळाली, नवरा पळाला. तिकडून तितक्याच ठसक्यात यायचं, "कस्तुरे, तुन्हं लुगडं फाटेल, तुन्हं नाक काटेल!" उभ्या जन्मात या दोघी जवळून कधी भेटल्या नाहीत.

मग वर बंधारा झाला, नदी आटली. पूल झाला. पोरींना बाराची लाज वाटायला लागली. मला याचं फार वाईट वाटतं. हाकेच्या अंतरावरची दोन गावं, पण पूल झाल्यापासून आम्ही एकमेकांशी भांडतसुद्धा नाही. शेवटी बाराला या दोघीच उरल्या.

यंदा आखाजीच्या आधीच सुमन गेली. बातमी मीच अक्काला सांगितली. "बरं जायं," बरं झालं म्हणाली आणि घरात गेली. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला तिने मुकाट्याने पातेलं दिलं. तो बिचारा घाबरलाच.

आखाजीला ती जाणार नाही असं मला वाटलं होतं. पण नवं लुगडं नेसून निघाली, म्हणून मीही मागे गेलो. पलीकडे दोन शेळ्या चरत होत्या. अक्काने कमरेवर हात ठेवून जळक्या भाकरीचा बार टाकला. उत्तर कुठून येणार?

"अक्का, चल घर," मी म्हटलं.

"थांब रे भो."

ती कोरड्या पात्रात उतरली. वाळूतून, गोट्यांतून अडखळत पलीकडे गेली, काठ चढली आणि आमच्या गावाकडे तोंड करून, सुमनच्या चिरक्या आवाजात ओरडली, "कस्तुरे, तुन्हं लुगडं फाटेल, तुन्हं नाक काटेल!"

मी धावत तिच्यापाशी गेलो. ती धापा टाकत तिथून आमच्या रिकाम्या काठाकडे, आपल्या नेहमीच्या जागेकडे बघत होती.

"अठून मी तिले कशी दिसत व्हतू रे, भो?"

"भांडकुदळ," मी म्हटलं.

अक्का खुदकन हसली, आणि मग तिला रडू आवरेना.